रेल्वेने बाइक पाठवताना झालेली फसवणूक: पावतीवर नाव कोणाचे, ते आधी बघा

चेन्नई सेंट्रलच्या पार्सल गोदामात आमच्या चार गाड्या उभ्या होत्या. दोन स्कूटर, दोन मोटरसायकली, नंबर प्लेट एमएच ३१ आणि एमएच ४९. किल्ल्या मालकांच्या खिशात, आरसी हातात, आणि तरीही गाड्या मिळत नव्हत्या. रेल्वेच्या पावतीवर माल घेणारा म्हणून नागपूरच्या एजंटाच्या चेन्नईतल्या माणसाचे नाव होते आणि मूळ पावतीही त्याच्याच ताब्यात होती. त्याने गाडीमागे १,५०० रुपये मागितले. दिले, तेव्हा पावती बाहेर आली. तोवर सहा दिवस गेले होते आणि कोवलमला घेतलेले सर्फबोर्ड आणि खोल्या यांचे पैसे बुडाले होते.

हे लिहायचे कारण असे की नागपुरातून सर्फिंगला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्यासाठी ‘रॅकसह, इन्शुरन्ससह, तुमच्याच ट्रेनने’ अशी पॅकेजे निघाली आहेत. त्यात नेमकी गफलत कुठे केली जाते, ते जसे घडले तसे सांगतो.

आधी गाडी न्यायचीच कशाला, हा प्रश्न येतो. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा खवळलेला असतो. कोकण, गोवा, मुल्की इथे त्या दिवसांत शिकाऊ माणसाने पाण्यात उतरूच नये. पूर्व किनाऱ्यावर त्याच काळात दक्षिणेकडून चांगल्या लाटा येतात. चेन्नईच्या खाली ईस्ट कोस्ट रोडवर साधारण ४० किलोमीटरवर कोवलम (केरळातले नव्हे), त्याच्या पुढे महाबलीपुरम. लाटा चांगल्या असतात त्या पहाटे. ऊन वर आले की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी विस्कटते. म्हणजे साडेपाचला एका जागी बघायचे, तिथे जमत नसेल तर पुढच्या जागी जायचे. हे काम रिक्षाने होत नाही. बोर्ड अडकवायला बाजूला रॅक लावलेली स्कूटर त्यासाठी सगळ्यात सोयीची.

नागपूरहून चालवत नेणे हाही मार्ग आहे, पण हैदराबादवरून चेन्नई म्हणजे ११०० किलोमीटरच्या आसपास. मुंबईकडे जायचे म्हटले तर समृद्धीवर दुचाकीला बंदी. हातात चार-पाच दिवसांची सुटी असेल तर गाडी रेल्वेने पाठवणेच बरे पडते. ते काम आपले आपण करता येते, एजंट लागतच नाही. पण रांग, फॉर्म, पॅकिंग या सगळ्याचा कंटाळा येतो आणि एजंट त्या कंटाळ्यावरच जगतो.

इथल्या एजंटाने गाडीमागे ६,८०० रुपये घेतले. त्यात पॅकिंगचे ६०० आणि ‘इन्शुरन्स’चे ८०० धरलेले. शब्द असे होते: “काही टेन्शन नका घेऊ भाऊ, गाडी तुमच्याच ट्रेनमध्ये येते. पावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो.” त्या हिशेबात आणि या दोन वाक्यांत तीन गोष्टी दडलेल्या होत्या.

पहिली गोष्ट तिकिटाची. रेल्वेत गाडी दोन प्रकारे जाते. एक लगेज म्हणून. त्यासाठी प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि गाडी तुमच्याच ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढवायची असते. दुसरी पार्सल म्हणून. त्याला तिकीट लागत नाही, भाडे कमी पडते आणि गाडी जागा मिळेल त्या ट्रेनने जाते. आमच्या एजंटाने तिकीट मागितलेच नाही. तिकीट न बघता ‘तुमच्याच ट्रेनने’ म्हणणारा माणूस पार्सल बुक करतो आहे आणि पैसे लगेजचे घेतो आहे, हे तिथेच ओळखायला हवे होते.

नागपूरची आणखी एक अडचण आहे. चेन्नईला जाणाऱ्या जीटी किंवा तमिळनाडू एक्स्प्रेस दिल्लीहून येतात. नागपूर हे त्यांचे मधले स्टेशन. ब्रेकव्हॅन येतानाच भरलेला असतो, बऱ्याचदा त्यातली जागा ठेकेदारांना भाड्याने दिलेली असते आणि थांबा मिनिटांचा. तेवढ्या वेळात चार गाड्या चढवायच्या म्हणजे हमालांची धांदल उडते. लगेजलाही अशा वेळी गाडी राहून जाऊ शकते. पण लगेजचा माल आधी चढवला जातो, पार्सलचा मागे ठेवला जातो. आमच्या गाड्या चार दिवस नागपूरच्याच फलाटावर होत्या. एजंट मात्र रोज सांगत होता की त्या बल्लारशाहच्या पुढे गेल्या. पावतीवर नंबर असतो, तो टाकून रेल्वेच्या पार्सल संकेतस्थळावर स्थिती बघता येते. एजंटाने पाठवलेल्या फोटोत नेमका तो नंबर असलेला कोपरा कापलेला होता.

दुसरी गोष्ट ‘इन्शुरन्स’. रेल्वेच्या पावतीवर मालाची घोषित किंमत लिहायची जागा असते. किंमत लिहून टक्केवारीचे जास्तीचे शुल्क भरले तर नुकसानीला रेल्वे त्या किमतीपर्यंत जबाबदार राहते. जागा रिकामी सोडली तर जबाबदारी वजनावर ठरते: लगेजला किलोमागे १०० रुपये, पार्सलला किलोमागे ५०. ११० किलोची स्कूटर अख्खी हरवली तरी पार्सलच्या दराने हातात येणार ५,५०० रुपये. आमच्या चारही पावत्यांवर ती जागा कोरी होती. ८०० रुपये कुठल्याही विम्यात गेले नव्हते. एजंटाच्या स्वतःच्या बिलावर ‘इन्शुरन्स’ एवढा शब्द होता. विमा कंपनी नाही, पॉलिसी नंबर नाही. त्या बिलावर जीएसटी नंबरही नव्हता, ते नंतर लक्षात आले.

तिसरी आणि सगळ्यात महाग पडलेली गोष्ट पावतीवरच्या नावांची. माल पाठवणारा आणि माल घेणारा अशी दोन नावे असतात. दोन्ही ठिकाणी तुमचेच नाव पाहिजे. एजंटाने पाठवणारा म्हणून आपले दुकान लिहिले आणि घेणारा म्हणून चेन्नईचा माणूस. गोदामातला कारकून मूळ पावती आणि त्यावरचे नाव बघतो, आरसी कोणाची आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो, आणि त्याचे चुकत नाही. इथून पुढे गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते सांगायला नको. नुकसानीचा दावाही त्या नावाच्याच माणसाचा. एका मोटरसायकलची टाकी चेपली होती, हेडलाइट फुटला होता. नागपुरात रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, बुकिंगपासून सहा महिन्यांत रेल्वेला लेखी नोटीस द्यायची असते, हे सगळे माहीत असूनही उपयोग झाला नाही. कागदावर ती गाडी आमची नव्हतीच.

हे काम स्वतः करायचे तर एक सकाळ जाते. आरसी, विमा आणि ओळखपत्र यांच्या प्रती, लगेज असेल तर तिकीट. टाकी पूर्ण रिकामी हवी, थेंबभरही पेट्रोल चालत नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून खालच्या वाटीतलेही काढायचे, इंजेक्शनची असेल तर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. पेट्रोल घरीच काढा, स्टेशनबाहेर काढले तर ते दुसऱ्याच्या बाटलीत जाते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. आरसे उतरवून बॅगेत घ्या. हँडल लॉक करू नका, हमालांना गाडी ढकलावी लागते आणि लॉक असेल तर ती उचलून आपटली जाते. पॅकिंगला टाकी, हेडलाइट, हँडलची दोन्ही टोके आणि सायलेन्सर यांवर आधी फोम, वरून बारदान, आणि सुतळीने शिवलेले. आमच्या गाड्यांना ६०० रुपयांत पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि चिकटपट्टी मिळाली होती. पुठ्ठ्यावर आणि बारदानावर, दोन ठिकाणी, जाड मार्करने नाव, फोन, ‘नागपूर ते चेन्नई सेंट्रल’ लिहा. चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा.

खिडकीवरून पावती हातात आली की तिथेच उभे राहून वाचा: लगेज की पार्सल, दोन्ही नावे, वजन, घोषित किंमत. चूक असेल तर त्याच वेळी दुरुस्त होते. मूळ पावती जवळ ठेवा, फोटो कोणाला हवा असेल तर तुम्ही पाठवा. उतरल्यावर गाडीला मार लागलेला दिसला तर सही करण्याआधी नुकसान तपासून लिहून मागा. त्याला ओपन डिलिव्हरी म्हणतात. सही झाल्यावर मग कोणी ऐकत नाही. आणि वेळेत सोडवून घ्या, ठरलेल्या मुदतीनंतर गोदामभाडे चढत जाते.

आता रॅक. पॅकेजमध्ये दोन्ही स्कूटरना बोर्ड लावायचे रॅक होते, प्रत्येकी ४,५०० रुपये, ‘एसएस ३०४, आयुष्यभर गंजणार नाही’. चुंबक लावून दाखवला, चिकटला नाही. इथे भले भले फसतात. ३०४ आणि २०२ या स्टेनलेस स्टीलच्या दोन ग्रेड. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे ते स्वस्त. नागपूरच्या कोरड्या हवेत दोन्ही वर्षभर सारखेच चकाकतात. खाऱ्या हवेत २०२ चे पितळ उघडे पडते. कोवलमला दुसऱ्याच सकाळी वेल्डच्या भोवती चहाच्या डागासारखे तपकिरी ओघळ आले होते. ग्रेड तपासायचे द्रावण स्टीलच्या भंगारवाल्यांकडे असते. थेंब टाकून छोटी बॅटरी टेकवली की रंगावरून २०२ कळते, दोन मिनिटांचे काम आहे. ३०४ लाही समुद्रावर डाग पडतात, पण ते पुसले जातात. रोज गोड्या पाण्याने धुवायचे.

गंजापेक्षा वाईट होते ते जोडकाम. रॅक साडीगार्डला वेल्ड केला होता. साडीगार्ड साडी चाकात जाऊ नये म्हणून असते, छोट्या बोल्टांवर लटकलेले. साडेसात फुटी फोमचा बोर्ड हाताला हलका लागतो, पण गाडी चालू झाली की तो शिडासारखा वारा धरतो आणि प्रत्येक खड्ड्याला रॅकला हिसका बसतो. बरोबर पद्धत अशी: खालचा आधार मागच्या पायदानाच्या ब्रॅकेटवर, वरचा मागच्या ग्रॅब रेलच्या बोल्टवर, मध्ये ५ मिलिमीटरची पट्टी. एम ८ बोल्ट, डोक्यावर ८.८ कोरलेले, आणि नायलॉक नट. पाइप १९ किंवा २० मिलिमीटरचा, भिंत २ मिलिमीटरची. आमच्या रॅकच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढली तर भिंत जेमतेम १ मिलिमीटर. एवढ्या पातळ पाइपला वेल्ड करताना तो आतून जळतो आणि तडा वेल्डवर न जाता त्याच्या कडेला जातो. महाबलीपुरमच्या वाटेवर एका स्कूटरचा रॅक तसाच गेला. वेग तिशीचा होता आणि मागे बस नव्हती म्हणून निभावले. टोपी काढून आत बघायला एक सेकंद लागतो. बनवणारा काढू देत नसेल तर पैसे देऊ नका.

रॅक नेहमी डाव्या बाजूला. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, बोर्ड वाहतुकीपासून दूर राहतो, आणि सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असल्याने बोर्ड तापत नाही. रॅकच्या दोन आकड्यांमध्ये (हुकांमध्ये) ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर, आत एसीच्या पाइपवरचा काळा फोम गुंडाळलेला. बोर्डाचे टोक पुढे, फिन मागे. बांधायला साधा बकलचा पट्टा. रॅचेटच्या, म्हणजे दात्याने आवळायच्या, पट्ट्याने कडा चेपतात, बंजीच्या लवचिक दोरीने बोर्ड नाचतो. साइड स्टँडही डावीकडेच असतो, म्हणून गाडी स्टँडवर कलल्यावर खालचा आकडा जमिनीला टेकत नाही ना, ते दुकानातच बघा. आमचा एक टेकत होता.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, तीही तयारी चालू आहे. लेखी नोटीस गेल्यावर एजंटाने ‘इन्शुरन्स’चे गाडीमागचे ८०० रुपये परत केले, बाकीच्या रकमेवर तो बोलत नाही. यूपीआयचे तपशील आणि व्हॉट्सअॅपवरचे बोलणे पुसू नका, नोटीस त्यावरच उभी राहिली. त्याची जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे. मजकूर तोच आहे: रॅकसह, इन्शुरन्ससह, तुमच्याच ट्रेनने. तिकीट आजही मागत नाही.