तोमोए गोझेन कुठून वाचावी: कादंबरीतून की ‘हेइके’तून?

तोमोए गोझेन या जपानी युद्धकथांतल्या लढवय्या बाईचं नाव एखाद्या ॲनिमेत किंवा गेममध्ये कानावर पडलं आणि आता तिच्याबद्दल नीट काही वाचावंसं वाटतंय, तर इंग्रजीतून वाचणाऱ्यासमोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जेसिका अमांडा सॅमन्सन यांची १९८१ची ‘तोमोए गोझेन’ ही फँटसी कादंबरी. १९९९मध्ये ती सुधारून ‘द डिसफेव्हर्ड हीरो’ या नावाने आली, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. दुसरी म्हणजे ही बाई जिथे मुळात भेटते ते ‘हेइके मोनोगातारी’, म्हणजे बाराव्या शतकातल्या दोन घराण्यांच्या युद्धावरचं जुनं जपानी आख्यान. माझ्याकडे दोन्ही आहेत. कपाटातून पुन्हा पुन्हा बाहेर निघतं ते मात्र एकच.

कादंबरीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. तिच्यातला ‘नायपॉन’ हा देश जपानच्या वळणाचा, पण जिथे देव, राक्षस आणि मांत्रिक खरोखरच वावरतात असा. तिथे बाईने सामुराई होणं कुणाला वावगं वाटत नाही. लढाया दणक्यात रंगवल्यात, आणि तोमोए सतत डोळ्यांसमोर राहते. तिच्यासाठीच पुस्तक हातात घेणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण ‘हेइके’च्या एवढ्या थोरल्या ग्रंथात तिच्या वाट्याला जेमतेम एखाद-दोन पानं येतात. दिवसभराच्या कामानंतर रात्री पडल्या पडल्या वाचायचं असेल, तर कादंबरी सरळ उजवी ठरेल.

तरी माझं मन तिच्यावरून उडालं, ते एका गोष्टीमुळे. कादंबरीत तोमोए रणात पडते आणि ह्वान नावाचा मांत्रिक तिला पुन्हा उठवून आपल्या ताब्यात घेतो. त्याच्या मंत्राखाली ती स्वतःच्याच धन्याचा जीव घेते, आणि पुढची सगळी फरफट त्यातून सुरू होते. कल्पना म्हणून हे जोरदार आहे. पण नायिका एकदा मरून परत आली की नंतरच्या कुठल्याच वाराला माझा श्वास अडकेना. तलवार तिच्या मानेपाशी आली तरी मी निवांत पान उलटत होतो. युद्धकथा वाचताना मला हे सोसत नाही. कुणाला यात काहीच खटकणार नाही, हेही मान्य आहे. फँटसी मुरलेल्या वाचकाला तर नाहीच.

‘हेइके’तला प्रसंग याच्या अगदी उलट टोकाला आहे. साल ११८४, बिवा तळ्याकाठचं आवाझू. तोमोएचा धनी, किसो योशिनाका हा सरदार, त्याचा पाडाव झालाय. तीनशे स्वार घेऊन तो शत्रूच्या हजारोंमध्ये घुसतो, पलीकडे निघतो तेव्हा पन्नास उरलेले असतात. पुन्हा घुसतो, पुन्हा निघतो. शेवटी पाच जण राहतात, आणि त्या पाचांत तोमोए आहे. तेव्हा तो तिला म्हणतो, तू बाई आहेस, वाट फुटेल तिकडे जा. किसोने शेवटच्या लढाईत बाई सोबत ठेवली असं लोकांनी बोलायला नको.

ती लगेच जात नाही. धन्याला शेवटची एक झुंज दाखवावी म्हणून तोलामोलाच्या वैऱ्याची वाट बघते. ओन्दा हाचिरो मोरोशिगे हा नावाजलेला ताकदीचा गडी तीस स्वारांनिशी येतो. ती थेट त्या घोळक्यात घोडा घालते, त्याला खेचून आपल्या खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर दाबून धरते आणि मुंडकं पिरगाळून कापून फेकून देते. मग चिलखत उतरवून पूर्वेकडे निघून जाते. ग्रंथात तिची हकिकत इथे संपते.

तिचं काय झालं हे तिथे कळत नाही. ती पुढे नन झाली, एक्याण्णव वर्षं जगली, असं ‘गेनपेई जोसुइकी’ या ‘हेइके’च्याच दुसऱ्या, मोठ्या आवृत्तीत येतं, आणि ‘तोमोए’ नावाच्या नो (जपानी पारंपरिक रंगभूमी) नाटकात तर धन्यासोबत मरू दिलं नाही या सलापायी तिचं भूत आवाझूला घुटमळतं. एवढा सगळा पसारा त्या एका ‘जा’मधून वाढला. जिथे बाई सामुराई असणं रोजचंच आहे, त्या नायपॉनमध्ये हा ‘जा’ उच्चारायला कारणच उरत नाही. कादंबरीने तिला मानाने वागवलं खरं, पण माझ्या मते तिच्या कथेचा काटा तिथेच बोथट झाला.

‘हेइके’चा त्रास नाही असं नाही. एकाच माणसाला गावाचं, घराण्याचं आणि हुद्द्याचं अशी तीन-तीन नावं, आणि अशी माणसं शेकड्यांनी. मी सुरुवातीला पार गोंधळून जायचो. ते निभावलं आवाजामुळे. हा ग्रंथ बिवा होशी, म्हणजे बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत फिरणारे अंध गायक, लोकांपुढे गात असत. आपल्याकडचा पोवाडा ऐकताना सगळे सरदार कुठे ठाऊक असतात, तरी चाल पुढे ओढत नेते, तसंच इथे होतं. म्हणून भाषांतर निवडताना मी रॉयल टायलर यांचं २०१२चं सुचवेन. गायच्या आणि बोलायच्या भागांची मांडणी त्यांनी वेगळी ठेवलीय, वंशवेली आणि नकाशेही दिलेत. हेलन मॅक्‌कलो यांचं १९८८चं भाषांतरही चांगलं आहे, पण ते सलग गद्य आहे आणि मला थोडं कोरडं वाटलं.

एवढा मोठा ग्रंथ घ्यायला मन धजत नसेल, तर पहिल्या पानापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. नवव्या खंडातलं किसोच्या अखेरीचं प्रकरण उघडा. तोमोए गेल्यावर योशिनाकाचा घोडा पातळ बर्फाखालच्या चिखलात डोकंही दिसेनासं होईल इतका रुततो, आणि योशिनाका आपला दूधभाऊ इमाई कानेहिरा याचं काय झालं म्हणून मागे वळून बघतो तोच बाण तोंडावर बसतो, तिथपर्यंत वाचा. तरीही राक्षस आणि मांत्रिकच हवेत असं वाटलं, तर कादंबरी खुशाल मागवा.