ग्रुपची टॉप टेन लावणारं अ‍ॅप, भांडणं फ्री

सगळ्या मित्रांची मिळून आवडत्या पिक्चरची यादी करायला हे अ‍ॅप घेतलं, प्रत्येकाने दहा नावं टाकायची, पहिल्याला दहा मार्क शेवटच्याला एक, बेरीज अ‍ॅपच करतं. म्हणजे 1770 मधल्या बोर्डा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचीच पद्धत, आणि तिची गंमत अशी की कुणाचाच जीव की प्राण नसलेला पण सगळ्यांना चालणारा पिक्चर वर जाऊन बसतो. आमच्यात तेच झालं, एक नंबरवाला कुणाच्याच यादीत पहिला नव्हता! मग काय, राडा. त्यात मतं आधीच दिसतात, म्हणून एकाने मुद्दाम दुसऱ्याचा फेव्हरेट यादीतून उडवला (नालायक). साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमा मासिकाच्या पोलसारखे दहाही नावांना सारखेच मार्क द्यायचा ऑप्शन पाहिजे होता राव. बाकी वापरायला सोप्पंय, तीन स्टार.