‘जपान’ इंजिन ब्रशनं निघून आलं, आरएक्स बांधणाऱ्यांनी वाचा

जे झालं ते सरळ लिहितो, हसायचं तर हसा, घरातले हसून झालेत. साडेएकोणतीस हजार गेले माझे, एका आरएक्स हंड्रेडच्या (यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल) इंजिनापायी, आणि ते इंजिन एकदापण चालू झालेलं नाही.

मी डिचोली तालुक्यातला, कुंडईला एका कारखान्यात शिफ्टला जातो. काका साखळीच्या स्टँडवर पायलट होता, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवायचा (गोव्याबाहेरच्यांना पायलट म्हटलं की विमान आठवतं म्हणून सांगतो). त्याची १९९३ ची आरएक्स, पिवळं मडगार्डवाली, आमच्या गोठ्यात पडून होती. इंजिन मात्र नव्हतं, काका आजारी असताना कोणीतरी ‘बघून आणतो’ म्हणून काढून नेलं ते गेलंच. बाकी फ्रेम, टाकी, चाकं, पेपर सगळं जाग्यावर. दरवर्षी पाऊस संपला की आमच्याकडे सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर, पोरं मातीत गाड्या फिरवतात, कुठे कुठे रेसपण होतात, ते बघून बघून डोक्यात बसलं की काकाची गाडी डर्टला बांधायची. नवीन मोटोक्रॉस गाडी आपल्या सात जन्मात नाही, पण आरएक्स म्हणजे ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास, दोन माणसं मिळून पिकअपमध्ये उचलून टाकतात. एकूण बजेट साठ हजार, तेपण ओव्हरटाइमचे.

बॉडीचं काम खरंच मस्त झालं आणि स्वस्तात झालं, ते सांगायलाच पाहिजे नाहीतर वाटेल मी अगदीच बावळट. लाइट, इंडिकेटर, स्टँड सगळं काढलं. दोन्ही चाकं १८ इंची असल्यामुळे गुट्टीचे (मातीत पकड घेणारे, गाठींचे) टायर शोधायला त्रास नाही. फोर्कमध्ये घट्ट ऑइल आणि स्प्रिंगवर वॉशर, रुंद हँडल, मागे मोठं स्प्रॉकेट. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल देणारा, पंप काढून पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळायचं ठरवलं, एक भानगड कमी. वेल्डिंग सगळं आमच्या मित्रानं केलं, तो २०१८ ला खाणी बंद पडेपर्यंत टिपरच्या गॅरेजमध्ये होता, त्यानं पत्र्याचे कोन कापून सायलेन्सरसुद्धा बनवला आणि घेतलं काय तर एक माशाचं जेवण. राहिलं फक्त इंजिन.

आता इथे ते ‘जपान’ प्रकरण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरएक्स आपल्याकडे १९८५ च्या शेवटी आली, एस्कॉर्ट्सनं आणली, आणि पहिल्या गाड्यांची इंजिनं जपानची होती, केसवर तसं ओतीव अक्षरात लिहिलेलं असतं. नंतर सगळं इथेच बनायला लागलं आणि १९९६ ला गाडी बंद. त्या ओतीव अक्षरांसाठी माणसं आज डबल पैसे मोजतात. रेसला त्याचा काही एक उपयोग नाही हो, मातीत पडल्यावर इंजिन जपानचं की फरिदाबादचं कोण विचारतो, चांगला ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) आणि चांगला क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) असला की झालं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ‘जपान’ शब्द ऐकला आणि अक्कल गोठ्यात बांधून आलो.

माणूस घाटावरचा, आरएक्सच्या जुन्या पार्टच्या एका ग्रुपमध्ये भेटला. बोलणं एकदम गोड, पहिल्या फोनपासून भावा भावा. म्हणाला जपान इंजिन आहे, स्टँडर्ड बोअर (म्हणजे सिलिंडर कधी कापून मोठा न केलेला), तुला रेससाठी पोर्टिंग (सिलिंडरमधल्या वाटा घासून मोठ्या) करून क्रँक बॅलन्स करून देतो, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. व्हिडिओ पाठवला, इंजिन एका फ्रेममध्ये बसवलेलं, अर्ध्या किकमध्ये स्टार्ट, आवाज असा की मी तो व्हिडिओ आईला पण ऐकवला. ती म्हणाली, ‘पुता, हो आवाज तुझ्या काकाच्या गाडीचोच.’ झालं, अजून काय पाहिजे. इंजिन नंबर जिथे असतो तिथे नेमकं एक निळं फडकं लोंबत होतं, ते मी बघितलं होतं, नाही असं नाही. गॅरेजमध्ये फडकी असतातच म्हटलं.

जुलैत पाच हजार टोकन. मग ‘ब्लॉक पोर्टिंगला दिलाय’ म्हणून नऊ. मग ‘पिस्टन किट ओरिजिनल मिळतंय आजच घ्यावं लागेल’ म्हणून साडेसहा. मग पाच. मग पॅकिंग आणि बसचं भाडं आणि ‘क्रँकवाल्यानं जास्त घेतले’ असं मिळून चार. एकदम अठ्ठावीस मागितले असते तर मी बेळगावमार्गे चोर्ला चढून स्वतः गेलो असतो बघायला. तुकड्या तुकड्यानं घेतले ना, म्हणून प्रत्येक वेळी वाटायचं आता एवढे दिलेत तर थोड्यासाठी कशाला अडकवा. प्रत्येक पेमेंटला कुठला तरी फोटो यायचा, ग्राइंडरच्या ठिणग्या, लेथवरचा ब्लॉक. ते फोटो कुणाच्या ब्लॉकचे देवाला माहीत.

इंजिन आलं नरकासुराच्या (आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा) आदल्या दिवशी, बसच्या डिकीतून, खोक्यात. वाड्यावरची सगळी पोरं नरकासुर बांधायला जमलेलीच होती, गवत-कागद टाकून सगळे बॉक्सभोवती. सिल्व्हर कलर मारलेला, चकाचक. वेल्डर मित्र म्हणाला कलर एवढा जाड का मारलाय, पंख्यांच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) मधे पण गेलाय, आणि त्यानं वायर ब्रश घेऊन केसवर दोन हात फिरवले. तर ‘जपान’ची शेवटची दोन अक्षरं उडून खाली पडली. एम-सील, गळती बुजवायचा लगदा! केसवर एम-सीलची अक्षरं चिकटवून वरून कलर मारलेला. एका पोरानं ती दोन अक्षरं उचलून नरकासुराच्या कपाळाला लावली, अजून लोक मला त्यावरून हाक मारतात.

मग उघडलंच. बोअरला व्हर्निअर लावून मोजलं तर ५१ मिलिमीटर. स्टँडर्ड ५० असतो, ओव्हरसाइज पाव पाव मिलिमीटरनं वाढत ५१ ला संपतात, म्हणजे ब्लॉक शेवटच्या साइजला पोचलेला, आता स्लीव्ह (आतली नवी नळी) टाकल्याशिवाय बोअर नाही. पिस्टनच्या डोक्यावर १०० पंच केलेलं, म्हणजे एक मिलिमीटर जास्त, तेच सांगत होतं, आणि ‘नवीन ओरिजिनल किट’ची रिंग कार्बनमध्ये चिकटून बसलेली. रीडची (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपेची) एक पात कोपऱ्यात तुटकी. आणि कनेक्टिंग रॉड, ती डावी-उजवीकडे थोडी हलते ते चालतं, पण वर-खाली हलवली की टक टक. क्रँक गेलेला. बॅलन्स वगैरे सोडाच. अशानं सड्यावर लाल मातीत दोन राउंड मारले असते तर रॉड बाहेर येऊन माझ्या पायाला लागली असती.

हे सगळं मी कदाचित गिळलंपण असतं, पाच-सात हजारात अजून काहीतरी केलं असतं. पण थिनरनं पुसताना इंजिन नंबरची जागा उघडी पडली. खाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे आणि वर नंबर वेडेवाकडे ठोकलेले, एक अंक खोल, एक उथळ. तेव्हा पोटात गोळा आला. कारण हे नुसतं खराब इंजिन नाही, हे कुणाच्या तरी चोरीच्या गाडीचं असू शकतं आणि ते आता माझ्या गोठ्यात आहे.

फोन केला, पहिल्या दिवशी म्हणाला बसमध्ये आदळलं असेल. अक्षरं आदळून पडली म्हणे! दुसऱ्या दिवसापासून माझा नंबरच ब्लॉक. मी अजून तीन आठवडे वाट बघितली, ही माझी सगळ्यात मोठी चूक. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा समोरच्या बाईंनी तक्रार नीट लिहून घेतली पण सांगितलं की पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात, आता ते कधीचे काढलेले असणार. पोलीस स्टेशनला मी ऐटीत म्हटलं ४२० ची केस आहे, हवालदार म्हणाले, ‘बाबा, ४२० गेलं, आता ३१८ झालंय.’ नवीन कायद्यात म्हणे. पण माणूस चांगला, चहा दिला. माझ्या फसवणुकीपेक्षा त्यांना त्या घासलेल्या नंबरात जास्त इंटरेस्ट होता, इंजिन कुठून आलं, बसची पावती आहे का, तू कलर का काढलास. पावती होती म्हणून वाचलो, आणि बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पोरांनी गंमत म्हणून काढला होता तो कामाला आला. इंजिन पंचनामा करून त्यांनी ठेवून घेतलं.

आता कुणाला जुनं इंजिन घ्यायचंच असेल तर बाबांनो जाऊन बघा, बसचं तिकीट पाच हजारांपेक्षा स्वस्त आहे. किक मारायच्या आधी हात लावून बघा इंजिन थंड आहे का, गरम करून ठेवलेलं कुठलंपण इंजिन अर्ध्या किकमध्ये उठतं. हेड खोलायला चार नट आणि दहा मिनिटं लागतात, जो खोलू देत नाही त्याला राम राम. ज्या गाडीचं इंजिन आहे तिची आरसी मागा, तिच्यावरचा इंजिन नंबर आणि केसवरचा नंबर समोरासमोर धरा. रेसलाच तर वापरायचंय, पेपर कशाला, असं मीच बोललो होतो.

काकाची फ्रेम परत गोठ्यात वाशाला टांगलीय, टायर नवे कोरे, सायलेन्सर कोपऱ्यात. गेल्या आठवड्यात कणकवलीच्या एका पोराचा मेसेज आला, ग्रुपमध्ये माझं लिहिलेलं वाचून. त्याला जपान इंजिनाचा व्हिडिओ आलाय, बघ म्हणाला. तोच व्हिडिओ, तेच निळं फडकं. मी त्याला एवढंच सांगितलं की फडकं उचलून एक फोटो माग. त्यानं मागितला. समोरून उत्तर आलं, ‘भावा विश्वास नसेल तर राहू दे, गिऱ्हाईक लायनीत हाईत.’

मीपण फडकं उचलायला सांगितलं होतं, १२ ऑक्टोबरला. मला शब्द न शब्द हेच उत्तर आलं होतं, आणि मी सॉरी भावा म्हणून तेव्हा ते मधले पाच हजार पाठवले होते.