बीपीएमएन २.० : प्रक्रियेवरून माहिती प्रणाली आखताना आलेला अनुभव

गेले अनेक महिने आम्ही खरेदी विभागाची नवी माहिती प्रणाली बीपीएमएन २.० (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) या, कामाची प्रक्रिया आकृतीने मांडण्याच्या चिन्हपद्धतीच्या आधारे आखत आणि टप्प्याटप्प्याने वापरात आणत आहोत. मागणीपत्र दाखल होण्यापासून पुरवठादाराचे देयक अदा होईपर्यंतची सगळी साखळी त्यात येते. यापूर्वी आमच्याकडे आखणीची सुरुवात पडद्यांपासून होत असे: कोणता फॉर्म, त्यात कोणते रकाने, शेवटी कोणते अहवाल. काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते आणि मध्ये कुठे थांबते, हा प्रश्न प्रणाली सुरू झाल्यानंतर तक्रारींच्या रूपाने समोर येई. या वेळी तोच प्रश्न आधी घेतला. या पद्धतीने काय साधले आणि कुठे ती अपुरी पडली, हे अशाच कामाच्या तयारीत असलेल्या विश्लेषकांसाठी लिहीत आहे.

बीपीएमएनची पहिली आवृत्ती २००४ साली आली, नंतर तिची जबाबदारी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली २.० ही आवृत्ती २०१३ मध्ये आयएसओ १९५१० म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाली. २.० मधला महत्त्वाचा बदल असा की आकृतीबरोबर तिचा नेमका अर्थ आणि एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपातील साठवणही ठरवून देण्यात आली. त्यामुळे एका साधनात काढलेली आकृती दुसऱ्यात उघडता येते आणि प्रक्रिया इंजिनाला, म्हणजे आकृतीप्रमाणे काम पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती वाचून चालवताही येते. मूळ दस्तऐवज पाचशेहून अधिक पानांचा आहे, पण रोजच्या कामाला त्यातली मोजकीच चिन्हे लागतात. सहभागींमधील संदेशांची देवाणघेवाण दाखवणाऱ्या कोरिओग्राफी आणि कॉन्व्हर्सेशन या आकृत्यांची आम्हाला एकदाही गरज भासली नाही.

सर्वांत आधी उपयोग झाला तो पूल, म्हणजे एका सहभागीची चौकट, आणि लेन, म्हणजे तिच्यातील पट्टे, यांचा. भांडार, खरेदी आणि लेखा हे विभाग आमच्या पूलमधील लेन झाले आणि पुरवठादार वेगळ्या पूलमध्ये गेला. क्रमदर्शक बाण एका पूलमधून दुसऱ्यात नेता येत नाही, तिथे संदेशाचा तुटक बाणच वापरावा लागतो. हा नियम प्रथम जाचक वाटतो, परंतु त्याच्यामागे मोठा अर्थ आहे: पुरवठादाराच्या कामावर आपले नियंत्रण नाही, आपण फक्त निरोप पाठवू शकतो आणि उत्तराची वाट पाहू शकतो. मग लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. उत्तर आले, तर ते चालू असलेल्या शेकडो प्रकरणांपैकी नेमके कोणाचे, हे प्रणालीला कसे कळणार? खरेदी आदेशाचा क्रमांक हे उत्तर सोपे आहे, पण एकाच आदेशाचा माल तीन हप्त्यांत आला आणि देयके दोनच आली, तर केवळ आदेश क्रमांक पुरत नाही, आदेशातील ओळीचा क्रमांकही लागतो. पडद्यांपासून सुरुवात केली असती, तर हा मुद्दा माल पावतीची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने आम्हाला दाखवला असता, तोही फार उशिरा.

माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद इव्हेंटमध्ये, म्हणजे घटना दाखवणाऱ्या वर्तुळांमध्ये आहे. सगळे सुरळीत पार पडले तर काम कसे जाते, हे साध्या प्रवाहचित्रातही दाखवता येते. टास्कच्या, म्हणजे एक काम दाखवणाऱ्या आयताच्या, कडेवर बसणारे इव्हेंट मात्र विश्लेषकाला अवघड प्रश्न विचारायला भाग पाडतात. मंजुरी अधिकारी ठरलेल्या मुदतीत निर्णय देत नाही, तेव्हा काय करायचे? अखंड दुहेरी वर्तुळ काढले, तर चालू टास्क रद्द होऊन काम दुसऱ्या वाटेने जाते. तुटक वर्तुळ काढले, तर टास्क तसाच चालू राहतो आणि बाजूने फक्त स्मरणपत्र जाते. चित्रात फरक एका रेघेचा आहे, व्यवहारात तो अधिकाराचा आहे, कारण पहिल्या पर्यायात अधिकाऱ्याच्या हातून निर्णय काढून वरिष्ठाकडे दिला जातो. ही निवड कोणी करायची, हे आकृती समोर ठेवून विचारल्यावरच विभागप्रमुखांमध्ये खरी चर्चा झाली आणि लेखी धोरणात कुठेही नसलेला नियम तिथे ठरला. मागणी मध्येच रद्द होणे, दरपत्रकाची मुदत संपणे, माल नाकारला जाणे या प्रत्येक घटनेसाठी असाच प्रश्न विचारावा लागला. प्रत्येक टास्कसमोर थांबून ‘हे वेळेत झाले नाही तर’ आणि ‘हे मध्येच रद्द झाले तर’ असे दोन प्रश्न विचारण्याची शिस्त लावून घेतली, तर माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्याहून अधिक आवश्यकता तिथेच सापडतात.

गेटवे, म्हणजे प्रवाह जिथे फुटतो किंवा जुळतो ते चिन्ह, याबाबत एक गोष्ट शिकणाऱ्यांना आवर्जून सांगावी लागते. आकृतीतून एक टोकन, म्हणजे काम कुठवर आले ते दाखवणारी सोंगटी, फिरत आहे अशी कल्पना करून ती वाचावी. ही कल्पना कार्ल ॲडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून पुढे आलेल्या पेट्री नेट या प्रक्रिया मांडण्याच्या गणिती पद्धतीच्या परंपरेतील आहे. एकच वाट निवडणाऱ्या गेटवेने प्रवाह फोडला आणि समांतर गेटवेने जोडला, तर जोडणारा गेटवे कधीच न येणाऱ्या दुसऱ्या टोकनची वाट पाहत राहतो आणि प्रकरण कायमचे अडकते. उलट केले, म्हणजे समांतर फोडून एकवाटी गेटवेने जोडले, तर पुढचे काम दोनदा होते. देयक अदा करण्याच्या टप्प्यावर हे किती महागात पडेल, हे वेगळे सांगायला नको.

निर्णयाचे नियम आकृतीत कोंबू नयेत. रक्कम, वस्तूचा प्रकार आणि पुरवठादाराची वर्गवारी यांवरून मंजुरीची पातळी ठरवायची असेल, तर गेटवेंची रांग लागते आणि चित्र वाचनीय राहत नाही. त्यासाठी २०१५ साली आलेल्या डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) या सोबतच्या मानकातील निर्णयतक्ते, म्हणजे अटी आणि त्यांचे निकाल ओळीओळीने मांडणारे तक्ते, वापरावेत. तक्त्याचे धोरण एकमेव ठेवले, म्हणजे कोणत्याही परिस्थितीला एकच ओळ लागू पडली पाहिजे असे ठरवले, की परस्परविरोधी नियम लगेच उघडे पडतात. खरेदी विभागातील मंडळी हे तक्ते आता स्वतः तपासतात.

आता उणिवेकडे येतो, कारण या पद्धतीच्या मर्यादा ओळखल्याशिवाय तिच्यावर प्रणाली उभारणे धोक्याचे आहे. बीपीएमएन माहितीची रचना सांगत नाही, आणि मानकानेच ती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. आकृतीतील डेटा ऑब्जेक्टचे आयुष्य त्या प्रक्रियेच्या एका फेरीपुरते असते. प्रक्रिया संपल्यानंतरही टिकणाऱ्या नोंदींसाठी डेटा स्टोअरचे चिन्ह आहे, परंतु त्याच्या आत काय असावे याबद्दल काहीच सांगितलेले नाही. आदेश, माल पावती आणि देयक या तीन कागदांचा मेळ घालणे हा आमच्या प्रणालीचा गाभा आहे आणि तो मेळ आकृतीत ‘तपासणी’ नावाच्या एका आयतात मावतो. त्या आयतात काय चालते, हे समजण्यासाठी ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृती, म्हणजे नोंदी आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती, लागतेच. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ती पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. आमच्या कामात दोन्हींना जोडणारा दुवा म्हणून अवस्थांची यादी सर्वाधिक कामी आली. खरेदी आदेश मसुदा, मंजूर, पाठवलेला, अंशतः प्राप्त, पूर्ण प्राप्त, बंद किंवा रद्द यांपैकी कोणत्या अवस्थेत असू शकतो, हे आधी लिहिले आणि प्रत्येक बदल कोणता टास्क किंवा इव्हेंट घडवतो, ते आकृतीशी ताडून पाहिले. ज्या अवस्थेत नेणारा टास्क सापडला नाही, तिथे प्रक्रिया अपुरी होती. ज्या टास्कने कोणतीच अवस्था बदलली नाही, तो बहुतेक वेळा केवळ सवयीने चालत आलेला शेरा निघाला.

आकृतीवरून आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे काळ. पाच मिनिटांचे काम आणि पाच दिवसांची प्रतीक्षा दोन्ही चित्रात सारख्याच आकाराची दिसतात. त्यासाठी प्रकरण क्रमांक, कृती आणि वेळ या तीन गोष्टींची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. प्रक्रिया खाणकामाच्या (प्रोसेस मायनिंग), म्हणजे नोंदींवरून प्रत्यक्ष प्रक्रिया शोधणाऱ्या, साधनांना किमान एवढीच माहिती लागते आणि तिच्यावरून प्रत्यक्ष वाट ठरवलेल्या वाटेपासून कुठे ढळते, हे दिसते. रांगांविषयीच्या लिटल यांच्या नियमानुसार प्रलंबित प्रकरणांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी काळ. आमच्या नोंदी या नियमाने तपासल्यावर स्पष्ट झाले की विलंब मंजुरीत नसून दरपत्रके मागवण्याच्या टप्प्यात आहे, आणि त्यानंतर सुधारणेचा सगळा भर तिकडे वळला.

आकृती थेट इंजिनावर चालवणार असाल, तर आवृत्त्यांचा विचार आधीच करा. खरेदी आदेश कित्येक आठवडे खुला राहतो आणि तेवढ्यात नियम बदलतो. नवी आकृती बसवल्यावर सर्वसाधारणपणे नवी प्रकरणे तिच्यावरून सुरू होतात आणि जुनी जुन्याच आकृतीवरून पुढे जातात. जुन्यांना नव्या आकृतीवर आणायचे असेल, तर कोणते टोकन कोणत्या टास्कवर ठेवायचे, हे एकेक ठरवावे लागते. त्यामुळे टास्कची अंतर्गत ओळखनावे विनाकारण बदलू नयेत, आणि वारंवार बदलणारे नियम निर्णयतक्त्यात ठेवावेत म्हणजे आकृतीला हात लावण्याची वेळच कमी येते.

ज्या कामाचा क्रम आधी ठरवता येतो, त्यासाठी मी बीपीएमएनची शिफारस निःसंकोच करतो. पुरवठादाराविरुद्धच्या तक्रारीची चौकशी मात्र आम्ही या आकृत्यांतून बाहेर ठेवली आहे. तिथे पुढचे पाऊल समोर आलेल्या पुराव्यावर ठरते आणि प्रत्येक शक्यता बाणांनी जोडू लागलो, तर चित्र निरर्थक होते. त्या भागासाठी कामांची यादी, प्रत्येक कामाच्या पूर्वअटी आणि निर्णयाची अंतिम मुदत एवढेच प्रणालीत ठेवले आहे. क्रम अधिकाऱ्याने ठरवायचा आहे.