डेटिंग अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: 'आणी'वाल्यांना नकार देऊन काय मिळालं

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वय ३१, घर फोंड्याला, नोकरी पणजीत. ऑगस्टमध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण महिन्याचा दर जास्त होता.

आधी तांत्रिक रडगाणं. बायोची अक्षरमर्यादा मराठीला धार्जिणी नाही. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक जोडाक्षर. अ‍ॅपच्या लेखी सहा. शिवाय फोनचा कीबोर्ड 'फोंड्याची'चं 'फोडण्याची' करतो. दोन दिवस माझ्या प्रोफाइलवर 'मी फोडण्याची' असं होतं. त्या दोन दिवसांत लाइक्स नेहमीपेक्षा जास्त आले, हेही नोंदवून ठेवते.

आता मुद्द्याचं. आमचे आजोबा मराठी शाळेत मास्तर. त्यामुळे फोटोआधी माझी नजर बायोतल्या वेलांट्यांवर जाते. पहिले तीन महिने नियम सरळ होता: 'आणी' दिसलं की डावीकडे सरकवायचं, म्हणजे नकार. 'दारू पित नाही' दिसलं की डावीकडे. (गोव्यात त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी 'पीत' दीर्घ हवा.) असे किती गेले त्याचा हिशेब नाही, पण नोव्हेंबरात अ‍ॅपनेच कळवलं की तुमच्या परिसरात आता नवीन कोणी नाही. उरले ते पुण्या-मुंबईचे, 'रविवारपर्यंत गोव्यात' असं लिहिणारे. त्यांचं शुद्धलेखन बरं असतं, रविवारचं तेवढं आपण पाहायचं.

मग एका मैत्रिणीने सुनावलं. म्हणाली, शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत दीर्घ, हा नियम आहे ना? 'कवी', 'गती', 'मती'. 'आणि' हा त्याला अपवाद. म्हणजे 'आणी' लिहिणारा माणूस नियमच पाळतोय, त्याला फक्त अपवाद कोणी सांगितला नाही. मी गप्प. महाराष्ट्र शासनाने हे नियम मान्य केले १९६२ साली. आमचे आजोबा त्यानंतरही जन्मभर 'कवि' असंच ऱ्हस्व लिहीत आले. या हिशेबाने मी त्यांनाही डावीकडे सरकवलं असतं.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच विषय घेतला होता; निबंध २०२० साली छापून आला. पहिल्या प्रयोगात चुकांचा काही परिणामच दिसला नाही, बहुधा अनेकांच्या त्या लक्षातच आल्या नव्हत्या म्हणून. दुसऱ्या प्रयोगात चुकांचे प्रकार पाडले: टायपिंगच्या चुका करणारा लोकांना बेफिकीर वाटला, व्याकरणाच्या करणारा कमी हुशार, आणि दोन्हींमुळे आकर्षण घटलं. माझा अनुभव यातल्या बेफिकिरीपाशी जुळतो. स्वतःचं गाव चुकीचं टाइप करून सहा महिने तसंच ठेवणारा माणूस भेटीलाही अर्धा तास उशिरा आला. 'आणी'वाल्यांचं मात्र असं काही म्हणता येत नाही.

गोव्यातली आणखी एक गोष्ट: चूक कशाला म्हणायचं हेच इथे सरळ नाही. 'फाल्यां मिळूया' (उद्या भेटूया) हे ना धड कोकणी, ना धड मराठी, पण आम्ही घरात असंच बोलतो. पलीकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले लोक पहिल्या मेसेजला 'आपण कुठे असता?' विचारतात, इथला मुलगा थेट 'तू खंय रावता?' म्हणतो. सुरुवातीला मला ते उद्धट वाटायचं. आता 'आपण'वाल्यांशीच बोलताना अवघडायला होतं. आणि हल्ली एकही चूक नसलेला, तीन परिच्छेदांचा पहिला मेसेज आला की मी सावध होते. तो त्याने लिहिलेला नसतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच. म्हापशाच्या एकाशी जानेवारीत बोलणं सुरू झालं. 'आणी'वालाच. ऑफिसच्या घाईत आम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायचो. त्याने विचारलं, शनिवारी पणजी चर्चच्या पायऱ्यांपाशी भेटूया का? मी लिहिलं, 'बरं, भेटूया'. पण इंग्रजी अक्षरांत 'बरं' आणि 'बारा' दिसतात एकसारखेच. वेळ शुक्रवारी ठरवू, असं माझ्या मनात होतं. शुक्रवारी ऑफिसात महिनाअखेर निघाली आणि राहूनच गेलं. शनिवारी साडेबाराला मी घरी केसांना तेल लावून बसलेली, तेवढ्यात फोटो आला: पांढऱ्या पायऱ्या, रणरणतं ऊन, खाली एकच ओळ, देवनागरीत. 'मी आलोय आणी सावली कुठेच नाही.'

मी तसाच तेलकट आंबाडा बांधला आणि फोंड्याहून मिळाली ती पहिली बस पकडली. दीड वाजून गेला पोचायला. तो समोरच्या बागेत झाडाखाली बसला होता, हातात दोन उसाचे रस, त्यातला एक माझ्यासाठी. बर्फ केव्हाच वितळला होता.

आता तो वेळ आकड्यांत लिहितो. 'आणी' अजून तसंच आहे, मी सांगितलेलं नाही. अ‍ॅपला पाचपैकी तीन तारे. वर्गणी ऑगस्टपर्यंत शिल्लक आहे, उरलेले पैसे परत मिळत नाहीत असं कळलं.