पॅकेज रेपोत नाहीये: डेबियन, फेडोरा की आर्च?

हवं ते सॉफ्टवेअर रेपोत (डिस्ट्रोच्या अधिकृत पॅकेजांच्या साठ्यात) नाही आणि त्यावरूनच डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला प्रकार घ्यायचा ते) ठरवायचाय, तर आधी हे ठरवा की पॅकेज दुसऱ्या कुणी करून द्यायला हवंय की स्वतः बिल्ड करायची (सोर्स कोडपासून बनवायची) तयारी आहे. कारण मागणी नोंदवता येते, पण मागणी म्हणजे ऑर्डर नव्हे, कुणा व्हॉलंटियरच्या मनात आलं तरच काम होणार.

डेबियनमधे रिपोर्टबग हे टूल वापरून डब्ल्यूएनपीपी वर (हव्या असलेल्या पॅकेजांच्या यादीवर) आरएफपी बग, म्हणजे पॅकेजची मागणी, टाकायचा. असे बग वर्षानुवर्षं पडून असतात. कुणी हातात घेतलंच तर तो आयटीपी ('मी पॅकेज करतोय' अशी नोंद) होतो, मग न्यू क्यूमधे (नवीन पॅकेजांच्या रांगेत) लायसन्सची तपासणी, आणि एवढं होऊन स्टेबल या स्थिर आवृत्तीमधे यायला पुढच्या रिलीजची वाट, म्हणजे साधारण 2 वर्षांचं चक्र (बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या स्टेबलसाठी बनवलेलं नवं पॅकेज, आला तर नशीब). फेडोरात दुसरा पॅकेजर तुमची स्पेक फाइल (पॅकेज कसं बनवायचं त्याची कृती) रिव्ह्यू करतो, नवीन असाल तर स्पॉन्सर लागतो. पण तिथे कॉप्र ही बिल्ड सेवा आहे, एसआरपीएम (सोर्स पॅकेज) चढवा, बिल्ड होऊन तुमची स्वतःची रेपो तयार, रिव्ह्यूची कटकट नाही. आर्चवाले मागत बसत नाहीत, एयूआर (वापरकर्त्यांनी चालवलेला साठा) बघतात, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी पीकेजीबिल्ड (पॅकेज बनवायची स्क्रिप्ट) आधीच टाकलेली असते.

खरी डोकेदुखी बिल्ड डिपेंडन्सींची, म्हणजे बिल्डसाठी आधी लागणाऱ्या इतर पॅकेजांची. डेबियनमधे नुसतं 'एपीटी बिल्ड-डेप' मारलं की आधी शिवी येते, सोर्सेस लिस्टमधे डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजांची ओळ) नाही म्हणून. ते चालू केलं की काम सुरळीत, पण एकदा ओढलेली ती -डेव्ह (हेडर फाइल्सची) पॅकेजेस नंतर सिस्टीमवर तशीच लटकतात, म्हणून मी एमके-बिल्ड-डेप्स वापरतो, ते एक डमी पॅकेज बनवतं, ते काढलं आणि ऑटोरिमूव्ह केलं की सगळं साफ. फेडोरात 'डीएनएफ बिल्डडेप' थेट स्पेक फाइलवर चालतं आणि आणलेलं परत काढायला डीएनएफचं हिस्टरी अनडू आहेच. आर्चमधे 'मेकपीकेजी -एसआर', बिल्ड झाल्यावर आणलेलं आपोआप काढून टाकतं, शिवाय हेडर्स मूळ पॅकेजमधेच असल्याने -डेव्ह (डेबियन) की -डेव्हल (फेडोरा) हा घोळच नाही. फक्त एयूआरमधलीच डिपेंडन्सी असेल तर मेकपीकेजी हात वर करतं, ती आधी स्वतः बिल्ड करा नाहीतर yay सारखा एयूआर हेल्पर घ्या.

कुठलाही डिस्ट्रो घ्या, स्वतःच्या मशीनवर बिल्ड झालं म्हणजे डिपेंडन्सी यादी बरोबर आहे असं समजू नका, लायब्ररी आधीपासून पडलेली असते म्हणून चालून जातं. एसबिल्ड (डेबियन) किंवा मॉकमधे (फेडोरा), म्हणजे कोऱ्या क्रूटमधे (सिस्टीमपासून वेगळ्या रिकाम्या जागेत) टाकलं की 'हेडर सापडला नाही' दिसतं. आर्चसाठी याच कामाला डेव्हटूल्स आहे, पण एयूआरमधे ते कुणी वापरलंय की नाही ते समजायला मार्ग नाही, आणि पीकेजीबिल्ड न वाचता चालवू नका, जुलै 2025 मधे ब्राउझरच्या पॅचच्या नावाखाली तिथे मालवेअर टाकलेलं सापडलं होतं.

माझं मत विचाराल तर सर्व्हरला डेबियन, वाट बघायची तयारी ठेवून. एकदोन पॅकेजेससाठी फेडोरा आणि कॉप्र पुरे. रोज नवीन काही हवं असेल तर आर्च, पण पायथॉनची आवृत्ती बदलली (उदा. 3.12 वरून 3.13) की एयूआरमधली पायथॉनवाली पॅकेजेस तुम्हालाच परत बिल्ड करायचीत, पॅकमन (आर्चचा पॅकेज मॅनेजर) त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.