ऑगस्टासाठी तरी घ्याच! टायगर वूड्स पीजीए टूर 12
गोल्फच्या या व्हिडिओ गेम सिरीजमध्ये दरवर्षी नवीन आकडा लावून तोच गेम परत विकायचे असं सगळे म्हणतात आणि बऱ्याच वर्षी ते खरंही असायचं, पण 2011 चा हा भाग खरंच वेगळा आहे कारण सिरीजमध्ये पहिल्यांदाच ऑगस्टा नॅशनल हे मैदान आलं, मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिथे होते ते. इतकी वर्षं नुसतं टीव्हीवर बघितलेलं मैदान हातात कंट्रोलर घेऊन खेळताना अंगावर काटा येतो राव!

बाराव्या होलवरच माझे तास गेलेत. अंतर जेमतेम 155 यार्ड, पार 3 (म्हणजे तीन फटक्यांत बॉल होलमध्ये जाणं अपेक्षित), दिसायला एकदम सोपं. पण समोर रेज क्रीक हा ओढा आणि ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) अशी चिंचोळी पट्टी की शॉट जरा आखूड पडला की बॉल उतारावरून हळूहळू घरंगळत पाण्यात, आणि आपण नुसतं बघत बसायचं.

कॅडी, म्हणजे खेळाडूचा मदतनीस, आता कुठला क्लब, कुठे मारायचं ते सुचवतो, नवख्यांना फार उपयोगी. अमेरिकन टीव्ही कॉमेंटेटर जिम नँट्झची कॉमेंट्री मस्तच. एक्स्ट्रा कोर्सचे वेगळे पैसे मात्र अजिबात पटले नाहीत, पूर्ण किमतीच्या गेममध्ये ते असायलाच हवे होते.